पाण्यातला डी-५ मोजायचाय? आधी बाटलीतला बुडबुडा बघा

घरात केसांचं सीरम असेल तर बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत बऱ्याचदा सायक्लोपेंटासिलॉक्सेन दिसतं. हाच डी-५. पाच सिलिकॉन आणि पाच ऑक्सिजन एकाआड एक गुंफून केलेलं कडं, आणि प्रत्येक सिलिकॉनला दोन-दोन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा गट) चिकटलेले. कड्यात चार जोड्या असतील तर डी-४, सहा असतील तर डी-६. या सगळ्या कुटुंबाला सिलॉक्सेन म्हणतात. तळहातावर एक थेंब चोळा, आधी तेलासारखं वाटेल, आणि थोड्या वेळात हात कोरडा. गेलं कुठं? हवेत.

मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आणि हे सिलॉक्सेन पाण्यात मोजायची वेळ आली तेव्हा आम्ही पहिले कित्येक महिने चुकीचे आकडे काढले. मशीन चांगलं होतं, माणसं मेहनती होती, चुकत होतं ते एवढंच की हा पदार्थ हवा आणि पाणी यांच्यात कसा वागतो हे आम्ही कागदावर मांडूनच बघितलं नव्हतं. ज्यांना प्रोजेक्टसाठी किंवा कामासाठी हे मोजायचंय त्यांनी तरी आमच्यासारखे महिने घालवू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. गणित आठवीच्या वरचं नाही.

सगळ्याचं मूळ एका आकड्यात आहे. बंद बाटलीत पाणी आणि हवा ठेवली, त्यात थोडा डी-५ टाकला आणि सगळं स्थिर होऊ दिलं, तर एक लिटर हवेत जेवढा असेल त्याला एक लिटर पाण्यात जेवढा असेल त्यानं भागायचं. या भागाकाराला आपण 'के' म्हणू. बेंझीनचा के २५ अंशाला ०.२ च्या आसपास असतो, म्हणजे बेंझीन उडून जातं असं आपण म्हणतो तरी ते हवेपेक्षा पाण्यातच जास्त राहतं. ऑक्सिजनचा के साधारण ३०. आणि डी-५ चा? १,३०० च्या वर. परत वाचा. ऑक्सिजन, जो वायूच आहे, त्याच्यापेक्षाही डी-५ ला पाणी चाळीसपट नकोसं आहे, आणि हे २१० अंशाला उकळणाऱ्या द्रवाबद्दल चाललंय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून सहकाऱ्याला सांगायला गेले होते.

आता हा आकडा आणायचा कुठून यात एक खड्डा आहे. पुस्तकातली सोपी रीत म्हणजे बाष्पदाबाला विद्राव्यतेनं भागा. डी-५ चा बाष्पदाब २५ अंशाला साधारण ३० पास्कल, पाण्यात विरघळतो लिटरला जेमतेम १७ मायक्रोग्रॅम, रेणुभार ३७१. एकक नीट जुळवून भागलं तर के येतो २५० ते ३०० च्या दरम्यान. म्हणजे थेट मोजलेल्यापेक्षा चार-पाच पट कमी. डी-४ ला पण हाच प्रकार, या रीतीनं २८० येतात आणि थेट मोजलं तर ५०० च्या आसपास. इतक्या कमी विरघळणाऱ्या पदार्थाची विद्राव्यता मोजणं फार अवघड असतं, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब तरंगत राहिले तर ते पण विरघळलेले म्हणून मोजले जातात आणि के उगाच कमी येतो. म्हणून जिथं मिळेल तिथं थेट मोजलेला आकडाच घ्या. २०१२ मध्ये डाउ कॉर्निंगच्या संशोधकांनी हवा, पाणी आणि ऑक्टॅनॉल (एक तेलकट अल्कोहोल) हे तिन्ही एकाच उपकरणात ठेवून तिन्हींतलं प्रमाण एकदमच मोजायची रीत मांडली, त्यात तीन गुणोत्तरं एकमेकांचा हिशोब तपासतात, एक चुकलं की दुसरं बोंब मारतं. माझा विश्वास याच आकड्यांवर आहे. पुढं सगळीकडे मी डी-५ साठी १,३५० धरलाय.

आता बाटलीकडं या. सूत्र एवढंच: पाण्यात राहिलेला वाटा = १ ÷ (१ + के × हवा ÷ पाणी). एक लिटरची बाटली, ९५० मिली पाणी, वर ५० मिली हवा. १,३५० ला ५० नं गुणा, ९५० नं भागा, येतात ७१. पाण्यातला वाटा झाला ७२ मध्ये १. म्हणजे नेहमीच्या सवयीनं बाटली मानेपर्यंत भरली, झाकण लावलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी उघडून पिपेटनं पाणी काढलं, तर शंभरातला जेमतेम दीड भाग तुमच्या पिपेटमध्ये येणार आणि बाकीचा झाकण उघडताना गेला. थंडीत के कमी होतो हे खरं पण इतका कमी होत नाही की ही पद्धत चालून जावी.

मग तुम्ही म्हणाल काठोकाठ भरू. आम्ही पण तेच केलं. उडणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलीच्या छोट्या व्हायल मिळतात, त्या भरताना वाटाण्याएवढा, म्हणजे ६ मिलिमीटरपर्यंतचा बुडबुडा चालतो असं शिकवलं जातं. बेंझीनसाठी खरोखरच चालतं. डी-५ साठी करून बघा: ६ मिलिमीटरच्या बुडबुड्यात हवा ०.११ मिली, १,३५० × ०.११ ÷ ४० म्हणजे ३.७, पाण्यातला वाटा २१ टक्के. एक वाटाणा, आणि पाचातले चार भाग गेले! आमच्याकडं एकाच पुलावरून, एकाच मिनिटाला भरलेल्या दोन व्हायल होत्या, एकीत बुडबुडा, दुसरीत नाही, आणि बुडबुडेवालीचा आकडा दुसरीच्या निम्म्याहून कमी. आम्ही आठवडाभर मशीनला दोष देत बसलो. (पाचवा हिस्सा न येता निम्म्याच्या जवळ का आला ते पुढं गाळाच्या हिशोबात कळेल.)

आणि यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या उन्हाळ्यात हमखास होते. मे महिन्यात नदीचं पाणी ३० अंशाला असतं. तुम्ही काळजीनं एकही बुडबुडा न ठेवता व्हायल बंद करता, उलटी करून टिचकी मारून बघता, सगळं छान. मग ती बर्फाच्या पेटीत जाते. ३० अंशावरून ४ अंशावर येताना पाणी आकसतं, हजारात साधारण चार भाग, म्हणजे ४० मिलीमध्ये ०.१७ मिली. लॅबमध्ये पेटी उघडली की प्रत्येक व्हायलमध्ये एक टपोरा बुडबुडा तुमच्याकडं बघत असतो. कुणाची चूक नाही, झाकण गळालं नाही, पाण्याचा स्वभावच तो.

तर यावर उपाय काय? बुडबुडा टाळायचा आटापिटा सोडून द्या, त्याला निरुपद्रवी करा. नदीवरच, व्हायल भरल्या भरल्या सिरिंजनं दोन-तीन मिली पाणी काढून घ्या आणि लगेच २ मिली हेक्झेन (पाण्यात न मिसळणारं पेट्रोलसारखं द्रावक) सोडा आणि झाकण लावा. डी-५ ला तेलकट द्रावक इतकं प्रिय आहे की ऑक्टॅनॉल आणि हवा यांच्यातलं त्याचं गुणोत्तर लाखाच्या घरात आहे आणि ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यातलं दहा कोटीच्या घरात, हेक्झेन पण त्याच जातीतलं. व्हायल जोरात हलवली की पाण्यातला, बुडबुड्यातला, काचेला चिकटलेला सगळा डी-५ हेक्झेनमध्ये जाऊन बसतो, आणि मशीनमध्ये हे हेक्झेनच घालायचं. मग वर एक मिली हवा राहिली तरी काही बिघडत नाही. पाणी नेमकं किती होतं ते व्हायलचं वजन करून काढायचं, रिकामी, पाण्यासकट आणि हेक्झेनसकट. सॅम्पल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं नाही, सेपरेटिंग फनेल (दोन द्रव वेगळे करायचं तोटीचं नरसाळं) तर नकोच, ओतताना प्रत्येक घळघळ म्हणजे नवी हवा.

आता उलट्या बाजूची भीती, म्हणजे बाहेरचा डी-५ सॅम्पलमध्ये घुसणं. आमच्या ब्लँकमध्ये, म्हणजे ज्यात काहीच नसायला हवं अशा शुद्ध पाण्यात, डी-५ चं उंच पीक, म्हणजे मशीनच्या आलेखावरचं टोक, यायचं. सगळ्यांनी खापर खोलीतल्या हवेवर फोडलं, शुद्ध पाण्याची बाटली फॉईलनं गुंडाळली, खिडक्या लावल्या, पीक तसंच. मग हिशोब केला. समजा खोलीच्या हवेत घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम डी-५ आहे, चार माणसं सीरम आणि डिओ लावून बसलेली असतील तर अशक्य नाही. ते पाण्यात किती विरघळेल? ५० भागिले १,३५०, म्हणजे लिटरला ०.०४ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. हे कुठलंही मशीन सहजी पकडणार नाही. म्हणजे पाणी दोन तास उघडं ठेवलं तरी हवेतून विरघळून ते खराब होत नाही! पण हेक्झेन? तिथं गुणाकार होतो, ५० गुणिले एक लाख, म्हणजे पूर्ण तोल साधला तर लिटरला ५ मिलीग्रॅम. त्याच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढं जरी हेक्झेननं खोलीतून ओढलं तरी २ मिली हेक्झेन आणि ४० मिली पाण्याच्या हिशोबात नदीत लिटरला २५ नॅनोग्रॅम डी-५ आहे असं दिसेल. आम्ही आठवडाभर पाण्याची बाटली झाकत होतो आणि हेक्झेनचं बीकर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, उघडं होतं, हूड खोलीतली हवा त्याच्यावरून ओढत होतं. हेक्झेन बंद ठेवलं, लहान बाटल्यांत वाटून घेतलं, प्रत्येक बाटली एकदाच उघडायची असं ठरवलं आणि ब्लँक खाली आला.

उरलेलं पीक सामानातून येत होतं. व्हायलच्या झाकणातली चकती, सेप्टम, बहुतेक वेळा सिलिकॉनचीच असते, वर टेफ्लॉनचा पातळ थर. सुईनं भोसकलं की सिलिकॉनचे कण आत, म्हणून मी वर हेक्झेन झाकण लावायच्या आधी सोडा म्हटलं. टेफ्लॉनची बाजू पाण्याकडं येईल हे बघा, उलटी बसवलेली चकती हा इतका साधा घोळ आहे की कुणी तपासतच नाही. काचेच्या जोडांना लावायचं सिलिकॉन ग्रीस हद्दपार करा, सिलिकॉनच्या नळ्या काढा. जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले पदार्थ लांब नळीतून वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं आमचं मशीन, त्याच्या या नळीचं, कॉलमचं अस्तर स्वतःच पॉलिसिलॉक्सेन असतं, ते तापलं की २०७, २८१, ३५५ अशा वस्तुमानांवर सिग्नल देतं, आणि डी-४ आपण २८१ वर आणि डी-५ ३५५ वर बघतो, म्हणजे चोर आणि पोलीस एकाच गणवेशात. म्हणून नुसतं वस्तुमान बघून पीकला नाव देऊ नका, कॉलममधून बाहेर पडायची वेळ पण जुळली पाहिजे आणि प्रत्येक चार-पाच सॅम्पलमागं एक कोरं हेक्झेन चालवा. सॅम्पलिंगला जाणाऱ्यांनी आदल्या दिवसापासून सीरम, हँडक्रीम, डिओ बंद, हे आमच्याकडं लेखी आहे. आणि एक ब्लँक नदीवर घेऊन जायचा, तिथंच उघडायचा, तिथंच त्यात हेक्झेन सोडायचं.

अॅसिडचं वेगळं सांगते कारण यात चांगली सवयच घात करते. उडणाऱ्या रसायनांच्या सॅम्पलमध्ये जंतूंनी ते खाऊ नयेत म्हणून हायड्रोक्लोरिक अॅसिडचे थेंब टाकतात. इथं टाकू नका. सिलॉक्सेनचं कडं अॅसिडमध्ये पण तुटतं आणि अल्कलीमध्ये पण. पीएच ७ ला २५ अंशाच्या आसपास डी-४ निम्मा व्हायला तीन ते सहा दिवस लागतात, पीएच ४ ला दोन तास पण नाही. डी-५ जरा टणक, पीएच ७ ला ६५ दिवसांच्या आसपास, पीएच ४ ला नऊएक तास, पीएच ९ ला दिवसभर. अॅसिड टाकून पीएच २ ला आणलेली व्हायल लॅबला पोचेपर्यंत तुम्ही स्वतःच्या हातानं पुरावा पुसून टाकलेला असतो.

आता तो गाळाचा हिशोब. के एवढा मोठा आहे तर नदीतला सगळा डी-५ उडून का जात नाही? कारण त्याला पाणी नको असतं म्हणजे फक्त हवाच हवी असते असं नाही, मळ, चिखल, शेवाळ, जे काही सेंद्रिय दिसेल त्याला तो चिकटतो. पाणी आणि सेंद्रिय कार्बन यांच्यातलं त्याचं गुणोत्तर किलोला दीड लाख लिटर धरा. नदीत तरंगणाऱ्या कणांमधला कार्बन लिटरला १० मिलीग्रॅम असेल तर दीड लाख गुणिले एक लाखांश, १.५. म्हणजे पाण्यात मोकळा एक भाग असेल तर कणांवर दीड, मोकळा ४० टक्केच. आणि उडू शकतो तो फक्त मोकळा. पुलावरच्या त्या व्हायलमध्ये १,३५० ऐवजी त्याचे ४० टक्के घालून बघा, पाण्यात राहिलेला वाटा २१ ऐवजी ४० टक्क्यांच्या जवळ येतो. आमचा निम्म्याहून कमी आलेला आकडा बरोबर होता, आम्हीच त्याला खोटं ठरवलं होतं.

सांडपाण्यात तर कणांतला कार्बन लिटरला २०० मिलीग्रॅम धरला की मोकळा राहतो तीन टक्के. म्हणून मैलापाणी शुद्धीकरणात टाकीत हवा फुंकली की थोडा डी-५ उडतो आणि बराचसा स्लजबरोबर, म्हणजे तळाला जमणाऱ्या गाळाबरोबर, खाली बसतो. इथं एक सावधगिरी. के वरून हिशोब केला तर फुंकलेल्या हवेबरोबर सगळाच जायला हवा असं उत्तर येतं, पण बुडबुडा टाकीतून काही सेकंदात वर निघून जातो आणि कणाला चिकटलेला डी-५ सुटायला त्याहून खूप वेळ लागतो. के दिशा सांगतो, वेग सांगत नाही. तोच स्लज पुढं ३५ अंशाच्या बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ कुजवून गॅस काढायच्या टाकीत गेला की तिथं निवांत वेळ मिळतो, सिलॉक्सेन बायोगॅसमध्ये चढतात आणि गॅस इंजिनात जळून सिलिका होते, स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्हवर पांढरा कडक थर. बायोगॅस आधी सक्रिय कोळशातून सोडतात तो यासाठी.

वेगाचा अंदाज हवा असेल तर तो पण काढता येतो. इतका मोठा के असला की अडथळा हवेच्या बाजूला नसतो, पाण्याच्या वरच्या पातळ थरात असतो, म्हणून पाणी किती ढवळतंय यावर सगळं. हा वेग दिवसाला अर्धा मीटर धरा, नदी दोन मीटर खोल, तर मोकळा डी-५ निम्मा व्हायला ०.६९ गुणिले २ भागिले ०.५, पावणेतीन दिवस. पण मोकळा ४० टक्केच आहे म्हणून तो काळ अडीचपट, सात दिवस. संथ, गढूळ, शेवाळलेल्या पाण्यात महिनाभर टिकतो, खळाळत्या स्वच्छ ओढ्यात दिवसभरात जातो. सॅम्पल कुठून घ्यायचं हे ठरवताना हे डोक्यात ठेवा, बंधाऱ्याच्या वर आणि खाली वेगवेगळं उत्तर मिळेल.

वापराचा पण फरक पडतो. केसांवर लावून ठेवायच्या सीरममधला बहुतेक सगळा डी-५ थेट हवेत जातो, धुवून टाकायच्या कंडिशनर-शाम्पूमधला गटारात. म्हणूनच युरोपियन युनियननं ३१ जानेवारी २०२० नंतर आधी धुवून टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांमध्येच डी-४ आणि डी-५ ०.१ टक्क्याच्या खाली आणायला लावला. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांवरचा नियम नंतर २०२४ मध्ये आला.

मग हवेत गेलेला पावसाबरोबर परत येतो का? शहरी हवेत घनमीटरला २०० नॅनोग्रॅम धरा, १,३५० नं भागा, लिटरभर पावसात येतो एका नॅनोग्रॅमचा सहा-सात हजारावा हिस्सा. जसाच्या तसा तो परत येत नाहीच. येतो तो रूप बदलून. हवेत साधारण आठवडाभरात निम्मा डी-५ हायड्रॉक्सिल रॅडिकल (हवेतला अतिक्रियाशील ओएच) याच्या तडाख्यात सापडतो, मिथाइलच्या जागी ओएच बसतो आणि पाणी टाळणारा रेणू पाणी शोधणारा होतो. पाण्यात कडं तुटलं तरी शेवटी तेच, डायमिथाइलसिलेनडायॉल, जो पाण्यात मजेत विरघळतो आणि परत उडायचं नाव घेत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण पृथ्वीवर नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर केबिनच्या हवेतली आर्द्रता गोळा करून तिचंच पिण्याचं पाणी करतात. २०१० मध्ये त्या शुद्ध केलेल्या पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन वाढायला लागला आणि कारण निघालं हेच डायमिथाइलसिलेनडायॉल. अंतराळवीरांची प्रसाधनं, सिलिकॉनच्या वस्तू, यांच्यातले सिलॉक्सेन हवेत, तिथून हवा थंड करणाऱ्या ओल्या पत्र्यांवर, तिथं तुटून पाण्यात, आणि पुढं गाळण्या पार करून थेट शुद्ध पाण्यात. पुढं तिथं हवाच कोळशाच्या फिल्टरमधून काढून सिलॉक्सेन पाण्यापर्यंत पोचू नयेत अशी सोय केली.

तुमच्या कामाला याचा उपयोग असा की हेक्झेनमध्ये हा डायॉल येतच नाही. नदीत एकूण किती सिलॉक्सेन पोचलं हे शोधायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी हेक्झेन न घातलेली एक जादा बाटली भरा, ती साधी काठोकाठ भरलेली चालते, बुडबुडा असला तरी चालतो, हेच पाणी थेट मोजायला द्यायचं. फक्त त्यातला न तुटलेला डी-४ वाटेत तुटून डायॉल वाढवू नये म्हणून ती बर्फात ठेवा, जागेवरच पीएच मोजून लेबलवर लिहा आणि दोन दिवसांच्या आत चालवा.